पेशंट पडू नये म्हणून मिळणारं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

सर्जिकल दुकानात जाऊन ‘म्हातारे पेशंट पडू नयेत म्हणून काही दाखवा’ म्हटलं की काउंटरवर वस्तू साधारण एकाच क्रमाने येतात. आधी पलंगावर अंथरायचा अलार्मचा पॅड. मग पिवळे मनगटी पट्टे आणि पलंगाला अडकवायची ‘पडण्याचा धोका’ अशी पाटी. मग तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे, साइड रेल म्हणजे पलंगाच्या कडेचे कठडे, वॉकर, कमरेचा पट्टा. बाथरूमचे दांडे तर कुणी विचारलेच तर, आणि तेही ‘हार्डवेअरवाल्याकडे पाहा’ या सल्ल्यासकट. नागपुरात मेडिकल चौक असो, धंतोली असो की रामदासपेठ, अनुभव फारसा वेगळा नाही. आमच्या मते हा क्रम जवळजवळ उलटा हवा. वीस-तीस खाटांचं नर्सिंग होम, हाडांचा दवाखाना किंवा वृद्धाश्रमातली आजारी खोली चालवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. पेशंट घरी नेणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाचं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण इथे फरक नावाचा नाही, घडणीचा आणि वापराचा आहे.

सामानाआधी कागद. पेशंट पडण्याचा धोका गुणांत मोजणारा मॉर्स फॉल स्केल छापील पॅडच्या रूपात सगळीकडे असतो. जॅनिस मॉर्स यांनी १९८९ साली तो मांडला. प्रश्न सहा: आधी पडलेत का (२५), दुसरा एखादा आजार आहे का (१५), चालताना आधार कशाचा (काठी-वॉकर १५, भिंत किंवा फर्निचर धरत असतील तर ३०), सलाइन किंवा कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) आहे का (२०), चाल कशी (अशक्त १०, बिघडलेली २०) आणि स्वतःच्या ताकदीचा अंदाज आहे का (नसेल तर १५). एकूण १२५. बहुतेक ठिकाणी ४५ च्या वर गेलं की ‘हाय रिस्क’चा शिक्का मारतात.

आता हिशेब करून पाहा. सत्तरीच्या आजी तापासाठी भरती आहेत, सोबत शुगर आहे, हातात कॅन्युला आहे, तापाने पाय लटपटतात. १५ अधिक २० अधिक १०, झाले ४५. आजी आयुष्यात कधी पडलेल्या नाहीत तरी उंबरठ्यावर उभ्या. म्हणजे मेडिसिन वॉर्डातला जवळजवळ प्रत्येक म्हातारा पेशंट या चाळणीत अडकणार आणि सगळ्यांच्या मनगटावर पिवळा पट्टा चढणार. सगळ्यांनाच पट्टा असेल तर सिस्टरला त्यातून काय कळणार? उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१३ मध्येच सांगितलं की ६५ च्या पुढचा प्रत्येक भरती पेशंट धोक्यातलाच धरा, अंदाजाच्या गुणपत्रिका वापरू नका. पडणं टाळण्याबद्दलच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही हॉस्पिटलात अशा गुणांच्या चाळण्या नकोत असंच म्हटलं. आपल्याकडे एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या तपासणीत फाइलीत मूल्यमापनाची नोंद लागते, तेव्हा फॉर्म फेकून द्या असं कुणी म्हणणार नाही. भरा. पण त्याची मागची कोरी बाजू वापरा.

त्या बाजूला आकडे नकोत, कारणं हवीत. पहिलं, उभं राहिल्यावरचं बीपी. पेशंटला ५ मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, उभं करा, १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडण्याचं कारण हातात सापडलं. घाईत नुसतं बसवून घेतलेलं बीपी इथे चालत नाही. नागपुरात एप्रिल-मे मध्ये तर हे प्रत्येकाचंच करावं. पारा पंचेचाळीसवर, पेशंटचं पाणी कमी, त्यात बीपीच्या दोन गोळ्या आणि लघवीची एक घरून चालू आहेतच. नवतपात भरती झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या जानेवारीच्याच मापाने चालू ठेवणं म्हणजे पडण्याला निमंत्रण.

दुसरं, गोळ्यांची यादी: झोपेची, चिंतेची, सर्दीची जुन्या पद्धतीची गुंगी आणणारी, दुखण्यावरची ट्रमाडॉल, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन. तिसरं, लघवी. रात्री किती वेळा उठतात, घाई होते का, लॅसिक्सचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळीचा दुसरा डोस किती वाजता दिला जातो. तो रात्री आठला देऊन मग रात्रभर अलार्म वाजवत बसण्यापेक्षा दुपारी चारच्या आत द्यावा की नाही, हे डॉक्टरांना विचारायला एक पैसा लागत नाही. चौथं, पाय आणि डोळे: तळव्याला स्पर्श कळतो का, नखं वाढून वळली आहेत का, चष्मा घरी राहिला का. पाचवं, भान. काल बरोबर बोलणारे आजोबा आज संध्याकाळी ‘घरी चला, गाईचं दूध काढायचं आहे’ म्हणू लागले, तर तो म्हातारचळ समजून सोडून देऊ नका. हा अचानक आलेला भ्रम असतो. त्यामागे लघवी तुंबणं, सोडियम उतरणं, जंतुसंसर्ग, नवी गोळी यातलं काहीतरी असतं, आणि अशा पेशंटला ‘उठू नका’ सांगून काही उपयोग नसतो.

सहावी ओळ चालण्याची. हातांची खुर्ची, तिच्यापासून ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी. पेशंट रोजच्या चपला घालून, रोजचा वॉकर घेऊन उठतो, पट्टीपर्यंत जातो, वळतो, परत येऊन बसतो. १५ सेकंदांच्या वर गेलं तर काळजीचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने रेघ १२ वर ओढली आहे. पण घड्याळापेक्षा वळण पाहा. चार-पाच बारीक पावलं टाकत, वॉकर उचलून बाजूला ठेवत जो वळतो, तो संडासात कमोडकडे पाठ करताना पडणार आहे. चाचणी घेताना बाजूला माणूस हवाच. स्टॉपवॉच धरून तीन मीटर लांब उभं राहायचं नसतं.

आता सामान. सुरुवात अलार्मच्या पॅडपासून, कारण विकला तोच जास्त जातो.

वस्तू साधी आहे. चादरीखाली कमरेच्या जागी दाबाचा पॅड, वायरने किंवा वायरशिवाय जोडलेली डबी. वजन उठलं की आवाज. कल्पना चांगली, पण हिशेब जुळत नाही. पलंगाच्या कडेला बसलेला माणूस उभा राहायला तीन-चार सेकंद घेतो. सिस्टर दुसऱ्या खोलीत सलाइन लावत असेल तर तिला हातातलं सोडून यायला त्याच्या कितीतरी पट. रात्री एका मजल्यावर एक सिस्टर आणि एक मावशी असेल, तर अलार्म फक्त पेशंट पडल्याची वर्दी देतो. २०१२ साली अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या १६ विभागांत हे नीट तपासलं गेलं: अलार्मचा वापर वाढला, पडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही.

त्यात आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. पॅड रेक्झिनच्या गादीवर सरकत सरकत पाठीखाली जातो आणि पेशंट नुसता कुशीवर वळला तरी बोंबलतो. अल्फा बेड, म्हणजे हवेची गादी असेल, तर गादी फुगता-बसता दाब बदलतो आणि पॅडला काही समजेनासं होतं. बारीक चणीच्या आजीचं वजन काही पॅडना पुरत नाही. एका खोलीत चार पॅड लावले की तिसऱ्या रात्री कुणीतरी बटण बंद करतं, आणि त्यात त्या माणसाची चूक शोधण्यात अर्थ नाही. पॅडला वापराची मुदत असते, ती पाकिटावर छापलेली असते आणि पाकीट पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. घ्यायचाच असेल तर एक घ्या, डबी सिस्टरच्या टेबलावर वाजेल असाच घ्या, आणि तो भ्रमातल्या, सोबत कुणी नसलेल्या, टेबलाजवळच्या खाटेवरच्या पेशंटपुरताच ठेवा. दहाचा सेट घेऊ नका.

पिवळा पट्टा आणि पाटी यांवर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही. स्वस्त आहेत, तपासणीला दिसतात. पाटीवर ‘धोका’ लिहिण्यापेक्षा ‘डावी बाजू अशक्त, वॉकर, रात्री २ ला संडास’ असं मार्करने लिहिता येईल अशी पुसता येणारी पाटी घ्या. बदली ड्यूटीवरच्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, त्यातून काहीतरी कळेल.

साइड रेल. पूर्ण लांबीच्या रेल विकत घेण्याआधी टेप काढा. आपल्याकडच्या साध्या फाउलर पलंगाची (हँडल फिरवून पाठ आणि गुडघे उचलता येतात तो) फ्रेम जमिनीपासून साधारण ६० सेंमी, वर १० सेंमीची गादी, वर रेल ३५ ते ४०. भ्रमातला पेशंट रेल पाहून थांबत नाही, ओलांडतो. म्हणजे ७० सेंमीवरून पडणारा माणूस आता एक मीटरच्या वरून, तेही डोक्याकडून पडतो. रेलच्या दांड्यांमध्ये १२ सेंमीपेक्षा जास्त फट असेल तर डोकं अडकू शकतं. ही मर्यादा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने, २००६ मध्ये घालून दिलेली आहे. गादी रेलपेक्षा अरुंद असेल तर कडेची फट वेगळी. डोक्याकडची अर्धी रेल मात्र कामाची: कुशीवर वळायला, उठून बसायला धरता येते. ती घ्या. घेताना खिटी लावून रेल बाहेरच्या बाजूला जोरात ओढून पाहा. स्वस्त घडीच्या रेलची खिटी काही महिन्यांत झिजते आणि पेशंटने भार टाकला की रेल खाली बसते, बोटांसकट. आणि हातपाय बांधण्याचे पट्टे कुणी ‘सेफ्टी’ म्हणून दाखवले तर दुकानातच ठेवून या. बांधलेला माणूस अशक्त होतो, चिडतो, आणि सुटल्यावर पडतोच.

खरा गुन्हेगार रेल नाही, पलंगाची उंची आहे. दीडशे सेंमी उंचीच्या आजीच्या गुडघ्यामागची उंची ४० सेंमीच्या आतबाहेर असते. ७० सेंमीच्या पलंगावरून त्यांचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. म्हणून येते ती लोखंडी पायरी, म्हणजे फूट स्टेप. आमच्या मते वॉर्डातली सगळ्यात वाईट वस्तू हीच. चारपैकी एका पायाचं रबर गेलेलं, त्यामुळे डुगडुगणारी. रुंदी जेमतेम एका पावलाची. रात्री अंधारात पायाने चाचपडावी लागणारी. तपासणीच्या टेबलाजवळ ती ठीक आहे, म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ नको.

उपाय दोन. पैसे असतील तर वर-खाली होणारा पलंग. मोटरचा असेल तर ‘हाय-लो’ फंक्शन आहे का ते विचारा, कारण नुसती पाठ आणि गुडघे उचलणारा मोटरचा पलंगही ६० वरच अडलेला असतो. नसतील तर ओळखीच्या वेल्डरकडून फ्रेमचे पाय १५ सेंमी कापून घ्या आणि नवे रबरी बूट बसवा. आधी खालची हँडलची यंत्रणा जमिनीला घासणार नाही ना, ते मोजा. ड्रेसिंग करताना सिस्टरांच्या कमरा दुखतील, ही तक्रार येणार आणि ती खरी आहे. म्हणून सगळे पलंग कापू नका, चार-पाचच कापा आणि म्हाताऱ्या पेशंटना तेच द्या. फक्त अगदी बुटका पलंग घेतला म्हणजे पडणं थांबेल असं नाही. गुडघ्याच्या खाली बसावं लागलं की उठताना जोर लागतो आणि माणूस मागे कोसळतो. बसल्यावर तळवे सपाट टेकावेत आणि मांड्या साधारण आडव्या राहाव्यात, एवढीच उंची हवी. पलंगाच्या पायथ्याशी बाहेर आलेली फिरवायची हँडलं आत दुमडून ठेवा. नडगीला लागून पडणारे कमी नसतात. अल्फा बेड घातला की उंची पुन्हा वाढते आणि कड मऊ होते. कडेला बसलेला पेशंट घसरत खाली येतो. उठवायच्या वेळी पंप स्थिर दाबावर ठेवता येत असेल तर ठेवा.

मोजे. रबराच्या ठिपक्यांचे मोजे बऱ्याच ठिकाणी भरतीच्या किटमध्ये देतात. कोरड्या टाइल्सवर ते काम करतात, ओल्यावर नाही. एकाच मापाचा मोजा बारीक पायावर फिरतो आणि ठिपके वरच्या बाजूला येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पाय आतून घामेजतात, मग पाय मोज्यातच घसरतो. पायाला सूज असेल तर रबर रुततं. पण मोज्यांना दोष देण्याआधी आपला नियम पाहा: वॉर्डाबाहेर ‘चपला बाहेर काढा’ची पाटी असते आणि आत नुकतंच फिनाइलने पुसलेल्या गुळगुळीत फरशीवर म्हातारा माणूस अनवाणी. किंवा हवाई चप्पल: शुगरने तळवा बधिर झालेल्याची ती पायातून निघून गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. मोज्यांचे पैसे वाचवा आणि नातेवाइकांना सांगा की मागून पट्टा असलेली, पातळ पण टणक तळाची सँडल धुऊन आणा, ती फक्त आत वापरायची. पुसायची वेळही बदला: एका वेळी खोलीची अर्धी बाजू, ती सुकल्यावर दुसरी, आणि सकाळी सहा ते आठ या संडासाच्या वेळेत अजिबात नाही.

कूलरचं वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्या कुठल्याही तपासणी यादीत तो सापडणार नाही. विदर्भातल्या खोलीत मार्च ते जून खिडकीत कूलर असतो. पाइपने पाणी भरताना टाकी ओसंडते, भिंतीवरून ओघळ येतो, पलंगाच्या पायाशी पातळ थर साचतो. टाइल्सचा रंग हलका असेल तर ओल दिसतच नाही. वर त्याची वायर स्विचपर्यंत आडवी. कूलरखाली कठडा असलेला ट्रे, तो बाहेर उतरवणारी नळी, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि भिंतीलगत पट्टीत घातलेली वायर, एवढं मार्चच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या. अलार्मच्या एका पॅडच्या पैशात बऱ्याच खोल्यांचं होईल. थंडीत अडचण उलटी: रात्री पारा उतरतो, पेशंट अंगावरची रजई तशीच गुंडाळून उठतो आणि तिचं टोक पायात येतं. शाल द्या, रजई नको.

कमरेचा पट्टा, ज्याला फिजिओवाले गेट बेल्ट म्हणतात, तो या सगळ्यात सगळ्यात कमी विकला जातो आणि सगळ्यात जास्त घ्यावा असा आहे. साधारण ५ सेंमी रुंद, जाड सुती, दातेरी धातूचं बक्कल. प्लास्टिकच्या टिचबटणाचा नको. भार आला की सुटतं. मागे उभी हँडलं शिवलेला मिळाला तर उत्तम. कपड्यावरून कमरेला बांधायचा, आत दोन बोटं जातील इतका घट्ट. साडी असेल तर निऱ्यांच्या गाठीच्या किंचित वर. धरणाऱ्याने पेशंटच्या अशक्त बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं आणि पट्टा खालून वर, तळहात वरच्या दिशेला ठेवून पकडायचा. वरून पकडलेला पट्टा वजन आलं की बोटांतून निसटतो. पेशंट कोसळायला लागला तर उचलायला जायचं नाही; त्याला आपल्या अंगालगत घेऊन, आपला एक पाय पुढे करून, मांडीवरून हळू खाली बसवायचं. दंडाला धरून चालवण्याची आपली सवय वाईट: खांदा निखळतो आणि माणूस पडतोच. पोटाचं ताजं ऑपरेशन, पोटावरची शौचाची पिशवी किंवा बरगडी मोडलेली असेल तर पट्टा नको.

वॉकरवर जरा थांबू. दुकानात ‘मूव्हेबल’ वॉकर कौतुकाने दाखवतात, ज्याची डावी-उजवी बाजू एकापाठोपाठ पुढे जाते. हातात जोर असलेल्याला तो ठीक. कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या अशक्त पेशंटला तो डुलतो. त्याला न हलणारा, घडीचा, हजार-दीड हजारातला साधा अॅल्युमिनियमचा द्या. पार्किन्सनच्या पेशंटला उचलून ठेवायचा वॉकर देऊ नका. उचलताना ते मागे जातात, त्यांना पुढची चाकं हवीत. उंची: सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ. चारही पायांची बटणं एकाच नंबरच्या भोकात आहेत ना, ते वाकून बघा. एक पाय एका भोकाने आखूड असलेला वॉकर वॉर्डात हमखास सापडतो, कारण तो आधी कुणा उंच आजोबांचा असतो. घडी उघडल्यावर दोन्ही बाजूंनी ‘टक’ ऐकू आली पाहिजे.

आणि तळाची रबरी बुचं. ती उलटी करून पाहा. कड्या-कड्यांची नक्षी गेली असेल, मधोमध चकचकीत झालं असेल किंवा आतली धातूची चकती रबर कापून बाहेर डोकावत असेल, तर आजच बदला. बुचाच्या मापाचा घोळ फार होतो: नळी मोजून १९, २२ की २५ मिमी ते सांगून घ्या. ‘बसेल, जरा ठोका’ असं म्हणून दिलेलं सैल बूच ओल्या संडासात नळीवरून निघून येतं.

आता मुख्य गोष्ट. वॉकर बाथरूमच्या दारातून जातो का? जुन्या बंगल्यात थाटलेल्या नर्सिंग होममध्ये संडासाचं दार बरेचदा दोन फुटांचं, म्हणजे ६० सेंमी. चौकट आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा केली की ५५ उरतात. वॉकरचे मागचे पाय तेवढेच किंवा जास्त रुंद. वर पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला दोन इंची उंबरठा. मग पेशंट काय करतो? वॉकर दाराबाहेर सोडतो, उंबरठा ओलांडतो आणि हाताला जे लागेल ते धरतो: टॉवेलचा दांडा, वॉश बेसिनची कड, फ्लशचा नळ. चौकशीच्या कागदावर ‘पेशंट घसरला’ लिहिलं जातं, प्रत्यक्षात त्याच्या हातातला आधार दारानेच काढून घेतलेला असतो. वॉकर खरेदीला जाताना दाराचं माप खिशात असू द्या. अरुंद घडणीचे वॉकर मिळतात. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडेल असं बिजागर बदला. आत पडलेला माणूस दार अडवतो.

दांडे, म्हणजे ग्रॅब बार. एक उभा, दाराच्या चौकटीजवळ आतल्या बाजूला, उंबरठा ओलांडताना धरायला. एक आडवा किंवा तिरपा, कमोडच्या बाजूच्या भिंतीवर. जाडी ३२ ते ३८ मिमी, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. भिंतीपासून अंतर ४ सेंमीच्या आसपास, कोपर अडकेल इतकं जास्त नाही. खरखरीत किंवा मॅट स्टील घ्या, आरशासारखं चकचकीत साबणाच्या हाताला निसटतं. बसवणाऱ्याने प्लास्टिकच्या गिट्ट्या काढल्या तर थांबवा. टाइल्सच्या मागे पोकळ प्लॅस्टर असेल तर दांडा पहिल्याच जोराला टाइलीसकट येतो. विटेत आत जाणारे स्टीलचे अँकर हवेत, आणि बसवल्यावर बसवणाऱ्यालाच त्याला लोंबकळून दाखवायला सांगा. रबरी वाटीने चिकटणारे दांडे फुकट दिले तरी घेऊ नका.

कमोड खुर्ची चाकांची घ्यायची तर चारही चाकांना ब्रेक हवेत. भांडं काढून ती कमोडवर सरकवता येते, पण ब्रेक न लावता बसवलं तर मागे पळते. फक्त रात्री खाटेजवळ ठेवायची असेल तर चाकांची नकोच, रबरी पायांची बरी. नट-बोल्ट महिन्यातून एकदा आवळा, पाण्याने गंजतात. व्हीलचेअरच्या पायटीवर उभं राहून उठणारे पेशंट खुर्चीसकट पुढे कलंडतात, हे मामांना एकदा करून दाखवलेलं बरं. सलाइनचा स्टँड ढकलत संडासात जाणं हाही तोच प्रकार: पाच चाकांची काठी, एक हात गुंतलेला. डॉक्टरांच्या परवानगीने सलाइन सोडवून, कॅन्युला लॉक करून पाठवा.

रात्रीचा दिवा: जमिनीपासून एक फुटावर, पिवळसर, एक-दोन वॉटचा, खाट आणि संडास यांच्या वाटेवर. त्या वाटेवर नातेवाइकाची चटई नको, दुसऱ्या बाजूला घाला. बेलचं बटण उशीला पिनने अडकवा. भिंतीवरचं बटण आडव्या माणसाला नसल्यासारखंच.

सामानाच्या यादीत बसत नाही, पण पैशाला सगळ्यात जास्त उतरणारी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या आठ रिहॅब, म्हणजे पुनर्वसन विभागांत पेशंटशी एकेकट्याने बसून, त्याच्या भाषेत, ‘तुम्ही केव्हा आणि का पडू शकता’ हे समजावलं आणि स्टाफलाही त्याचं शिक्षण दिलं. पडणं खरोखर कमी झालं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. भान शाबूत असलेल्यांनाच याचा उपयोग. आपल्याकडे अडचण ऐकण्याची नाही, संकोचाची आहे. आजी सिस्टरला त्रास नको म्हणून बेल दाबत नाहीत, आजोबा मावशीसमोर पॉट मागायला लाजतात. ‘आजी, उठू नका हं’ हे वाक्य म्हणूनच वाया जातं. त्याऐवजी ‘आजी, मी दोनला आणि पाचला येतेच तुम्हाला न्यायला, माझं कामच आहे ते’ असं सांगा आणि खरंच जा. जेवणानंतर, झोपण्याआधी, रात्री दोन आणि पहाटे पाच, या चार फेऱ्या वहीत लिहून सही घेतली की अलार्मची गरज निम्म्यावर येईल असा आमचा अंदाज आहे.

तरीही कुणी पडलंच तर लगेच उचलू नका. मान दुखते का, पाय आखूड होऊन बाहेर वळला आहे का, डोक्याला लागलं का, बीपी, शुगर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर पेशंट हसत बोलत असला तरी डॉक्टरांना तेव्हाच उठवा आणि सीटी स्कॅनचा निर्णय सकाळवर टाकू नका. तासाभरात लिहा: कुठे जात होते, पायात काय होतं, फरशी ओली होती का, शेवटची गोळी कोणती.

भाड्याने घेणाऱ्यांसाठी एवढंच: वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर पलंग हे सगळं महिन्याच्या भाड्याने आणि डिपॉझिटवर मिळतं, आणि पंधरा दिवसांच्या गरजेला तेच परवडतं. पण भाड्याचा वॉकर जुन्या बुचांसकट येतो. चार नवी बुचं त्याच काउंटरवर बसवून घ्या, ब्रेक दुकानाच्या फरशीवर लावून ढकलून पाहा, आणि पलंग टेम्पोत चढण्याआधी गादीसकट उंची मोजा. घरी उतरवल्यावर कुणी परत नेत नाही.